पहिलं जुनं पिनबॉल घरी दुरुस्तीला घेताय? रिलेवालं की बोर्डवालं?

पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर चेंडू टोलवत गुण मिळवायचं मशीन. १९७७ साली विल्यम्स कंपनीने ‘हॉट टिप’ हे एकच पिनबॉल दोन तऱ्हांनी काढलं. खेळ तोच, पण एकाच्या पोटात रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), फिरते कॅम आणि गुण दाखवणाऱ्या आकड्यांच्या चकत्या, तर दुसऱ्याच्या पोटात मायक्रोप्रोसेसरचा बोर्ड. शिकागोचे गॉटलिब, बॅली आणि विल्यम्स हे तिन्ही कारखाने त्याच सुमारास जुन्या तऱ्हेवरून नव्या तऱ्हेकडे वळले. अमेरिकेत बेसमेंटमध्ये दुरुस्तीसाठी पहिलं मशीन आणणाऱ्यालाही आज याच दोन तऱ्हांमधून निवड करावी लागते.

रिलेवाल्या मशीनमध्ये सगळा कारभार डोळ्यांना दिसतो. चेंडू बंपरला लागला की पत्तीचा स्विच मिटतो, रिले ओढला जातो, चकती एक घर पुढे सरकते. बिघाड शोधायचा तर काच काढून तोच स्विच हाताने दाबायचा आणि ही साखळी कुठे अडते ते पाहायचं. बहुतेक वेळा काजळलेला किंवा वाकलेला संपर्क सापडतो. त्यावर फ्लेक्सस्टोनची बारीक कानस हलक्या हाताने फिरवायची आणि पत्ती किंचित वाकवून अंतर जुळवायचं. सँडपेपर वापरू नका, त्याने संपर्काचं टोक झिजतं. तेलाचा फवारा तर मुळीच नको. तो धूळ धरतो आणि ठिणग्या पडतात तिथे पेटूही शकतो. स्टेपर युनिटमधलं, म्हणजे एकेक घर पुढे सरकून मोजणाऱ्या यंत्रातलं, ग्रीस इतक्या वर्षांत डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. ते युनिट उघडून, अल्कोहोलने पुसून, पुन्हा जोडावं लागतं. हे काम शिकायला सोपं, पण वेळखाऊ आहे, कारण असे संपर्क शेकड्यांनी असतात. म्हणून पहिलं मशीन एका खेळाडूचं घ्या. चार खेळाडूंच्या मशीनमध्ये चकत्यांचे चार संच आणि खेळाडू बदलणारं वेगळं युनिट असतं, म्हणजे शोधाशोधही तितकीच वाढते. गॉटलिबची साठ-सत्तरच्या दशकांतली एका खेळाडूची मशीनं मला यासाठी सर्वांत योग्य वाटतात.

बोर्डवाल्या मशीनचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बॅटरी. स्कोअर लक्षात राहावा म्हणून बोर्डावरच बसवलेली ती बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहिली की फुटते आणि आतला क्षार तांब्याच्या रेषा खात जातो. थोडंच खाल्लं असेल तर व्हिनेगरने क्षार मारून, धुऊन, वाळवून, खराब सॉकेट बदलून बोर्ड वाचतो. हिरवा थर चिपांखाली पसरला असेल तर नवा पर्यायी बोर्ड घेणंच शहाणपणाचं. सत्तरीच्या अखेरच्या बॅली मशीनसाठी तसे बोर्ड आजही नवे मिळतात. त्या बॅलीची एक गोष्ट मला फार आवडते: चालू करताच बोर्डावरचा दिवा एकदा चमकतो, मग तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला एकदा, असा एकूण सात वेळा लुकलुकतो. सहावर थांबला तर ४३ व्होल्टचा पुरवठा आणि त्याचा फ्यूज आधी बघायचा. मशीन स्वतःच दुखणं सांगतं, मात्र ते ऐकायला मल्टिमीटर नीट वापरता यायला हवा आणि सोल्डरिंगला हात बसलेला हवा. डिस्प्लेला जवळपास १९० व्होल्ट लागतात, तिथे चालू मशीनमध्ये बोट घालू नका. कॉइल म्हणजे वीज मिळाली की लोखंडी दांडा ओढणारं तारेचं गुंडाळं, आणि ट्रान्झिस्टर तिची वीज चालू-बंद करतो. बिघडलेला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की कॉइल ओढलेलीच राहते आणि जळते. म्हणून जळलेली कॉइल बदलण्याआधी ट्रान्झिस्टर तपासा.

फ्लिपर, म्हणजे चेंडू परत वर टोलवणारे दांडे, दोन्हींत जवळपास सारखेच. कॉइलला दोन वेटोळी असतात, एक जोराने उचलणारं, दुसरं धरून ठेवणारं. पूर्ण उचलल्यावर एक स्विच उघडतो आणि धरणारं वेटोळं कामाला लागतं. स्विच घाण असेल तर फ्लिपर मरगळतो, उघडलाच नाही तर कॉइल तापून जळते.

माझं मत असं: इलेक्ट्रॉनिक्सची सवय असेल आणि लवकर खेळायचं असेल, तर बॅलीचं बोर्डवालं मशीन घ्या. यंत्र उकलण्यातच आनंद असेल आणि महिने गेले तरी चालणार असतील, तर रिलेवालं. पण दोन्हींच्या आधी रंग बघा. वायरिंग, कॉइल, बोर्ड सगळं दुरुस्त होतं. पोपडे सुटलेली बॅकग्लास (समोरच्या उभ्या पेटीवरची रंगवलेली काच) आणि लाकूड दिसेपर्यंत झिजलेलं प्लेफील्ड (चेंडू फिरतो ती रंगवलेली फळी) पूर्ववत करणं मात्र फार कठीण. काही मोजक्या मॉडेलांच्याच नव्या प्रती निघतात. पोपडे सुटलेल्या काचेच्या मागच्या बाजूला ओला फडका लावलात तर रंग फडक्यावर येईल.

मशीन भारतात न्यायचं मनात असेल तर अमेरिकेतला १२० व्होल्टचा पुरवठा आणि आपला २३० व्होल्टचा यातला फरक लक्षात घ्या. काही ट्रान्सफॉर्मरवर जोडण्या बदलून तो मिटतो, नाहीतर व्होल्टेज उतरवणारा वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय मशीनचं वजन शंभर किलोच्या वर जातं.

बघायला जाताना टॉर्च आणि मल्टिमीटर न्या. विकणाऱ्याला मागचं दार उघडायला सांगा आणि चालू करण्याआधी प्रत्येक फ्यूज त्याच्या शेजारी लिहिलेल्या अँपिअरचाच आहे ना, ते पाहा. जागोजागी मोठे फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळलेले दिसले, तर ते मशीन चालू करू देऊ नका.