बाज पाळायचाय? हातावरचा, खोक्यातला आणि बांधावरचा पक्षी

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पोरगा विचारतोच, "काका, बाज कुठं मिळंल?" त्यानं मोबाईलवर आखाती देशातला व्हिडिओ पाहिलेला असतो. पांढरा कंदुरा घातलेला माणूस, हातावर टोपी घातलेला ससाणा, मागं वाळू. मी त्याच्यावर चिडत नाही. मलाही त्या वयात तेच हवं होतं आणि नशिबानं ते मिळालंही. अंबाजोगाईच्या अलीकडच्या गावातून मी अबू धाबीला कामाला गेलो आणि काही वर्षं एका बाजदाराच्या, म्हणजे शिकारीसाठी ससाणे शिकवणाऱ्याच्या, हाताखाली राबलो. परत आल्यापासून शेती करतो आणि जमेल तसं जखमी शिकारी पक्ष्यांचं काम बघतो. शिकारी पक्ष्याशी नातं जोडायचे तिन्ही रस्ते पायाखालून गेलेत, म्हणून हे लिहितोय.

आधी कायद्याचं बोलू, नाहीतर पुढचं सगळं वाया. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडं शिकारी पक्षी पकडणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. घरट्यातून पिल्लू काढलं तरी कायद्याच्या लेखी ती शिकारच. बहिरी ससाणा आणि लग्गड (माळरानावरचा ससाणा) पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत. तिथं 3 ते 7 वर्षं कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड 25,000 रुपयांपासून पुढं. कुणी "कागद करून देतो" म्हणत शिक्र्याचं पिल्लू दाखवलं, तर तो कागद खोटा आहे. तेव्हा मराठवाड्यात बसून "पाळू की नको" हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न असा आहे की परदेशी जाऊन हातावर पक्षी घ्यायचा, इथं जखमी पक्ष्यांच्या कामाला लागायचं, की आपल्याच शिवारातली रानटी जोडी वर्षभर ओळखीची करून घ्यायची.

जाता जाता नावाचं सांगतो, कारण हे मला आखातात गेल्यावरच कळलं. बहिरी ससाणा बहिरा नसतो. "बहर" म्हणजे समुद्र, बहरी म्हणजे समुद्राकडचा. शिक्रा हा शब्दही फारसीतल्या "शिकार"च्याच घरातला. बाज, शाहीन, लग्गड ही सगळी नावं आपल्याकडं बाजदारांच्याच तोंडून आली. छंद गेला, नावं राहिली.

आता हातावरच्या पक्ष्याबद्दल. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळे गैरसमज इथंच आहेत.

माझ्याकडं आलेली पहिली मादी बहिरी ससाणा होती. ससाण्यांत मादी मोठी, नर साधारण तिसऱ्या हिश्शानं लहान. ती नऊशे ग्रॅमच्या आसपास भरायची. पहिल्या रात्री माझ्या बाजदार उस्तादांनी मला अंधाऱ्या खोलीत बसवलं, हाताला मनगटापर्यंत जाड कापडी वेष्टण, त्याला तिकडं मंगला म्हणतात. डोळ्यांवरची टोपी, म्हणजे बुर्का, काढली आणि माझ्या मुठीत लाव्याचं मांस दिलं. ती खाईना. तासभर चोच उघडी ठेवून, पंख अर्धे सोडून माझ्याकडं बघत राहिली. मी मान दुसरीकडं वळवली होती, कारण तिच्या डोळ्याला डोळा भिडवला तर तिला तो हल्ला वाटतो. मध्यरात्र उलटल्यावर तिनं डोकं खाली घातलं आणि एक लचका तोडला. मांसाकडं बघायचं म्हणजे माझ्यावरची नजर काढायची. तेवढं धाडस तिनं केलं. मग दुसरा लचका, तिसरा. पोट भरल्यावर तिनं अंगावरची सगळी पिसं फुलवून झटकली आणि एक पाय पोटाखाली ओढून घेतला. उस्ताद दाराबाहेरून हळूच म्हणाले, "बस. आजचं काम झालं." माझा हात खांद्यापासून बधिर झाला होता आणि मी तो हलवला नाही.

ते नातं प्रेमाचं नाही, हे ध्यानात घ्या. कुत्रा टोळीतला प्राणी आहे, माणसाला तो आपल्या टोळीत धरतो. ससाण्याच्या स्वभावात टोळीच नाही. हॅरिस हॉक नावाचा अमेरिकेतला पक्षी कुटुंबानं मिळून शिकार करतो, म्हणूनच नवशिक्यांना तो दिला जातो. बाकीच्यांना तुमच्याबद्दल एवढंच कळतं की या हाताजवळ धोका नाही आणि या हाताजवळ खाणं आहे. सगळं शिक्षण या दोन गोष्टींवर उभं असतं. रोज सकाळी काट्यावर वजन. वीस-तीस ग्रॅम जास्त भरली तर आज ती परतायची नाही, कमी भरली तर अंगातली ताकद जाते. वजन बघायचं, काल खाल्लेल्याची पिसा-हाडांची गोळी सकाळी ओकली का बघायचं, विष्ठेचा रंग बघायचा. आधी दोरीवर उडवायचं, मग एक दिवस दोरी काढायची.

तो दिवस मी विसरणार नाही. पायातले पट्टे मोकळे केले, ती उठली, गोल घेत ठिपका झाली. बहिरी ससाणा झेपेत ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो, त्याला थोपवणारं काही नाही. तिला जायचं असतं तर ती गेली असती. मी पिसांचं आमिष फिरवलं आणि ती आली. दर उड्डाणाला पक्ष्याला सुटून जायची पूर्ण मोकळीक असते, तरी तो येतो, आणि एखाद्या दिवशी येत नाही. माझ्या तिसऱ्या हंगामात ती आली नाही. आम्ही चार दिवस वाळू धुंडाळली.

हे हवं असेल तर रस्ते आहेत, पण सोपे नाहीत. अमेरिकेत परवाना लागतो: लेखी परीक्षेत 80 टक्के, मग दोन वर्षं अनुभवी बाजदाराच्या देखरेखीखाली उमेदवारी, त्यानंतर पुढची पायरी. ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात जन्मलेले पक्षी ठेवता येतात आणि थोड्या दिवसांचे प्राथमिक वर्गही चालतात. तिथं शिकायला गेलेल्यानं पाहुणा म्हणून हातावर पक्षी घ्यावा आणि परतावं, एवढंच शक्य. आखातात नोकरी म्हणून जाता येतं. तिथं हे काम मानाचं आहे. अमिरातीत 2002 पासून ससाण्यांना स्वतःचा पासपोर्ट असतो, अबू धाबीत 1999 मध्ये खास त्यांचं रुग्णालय सुरू झालं. युनेस्कोनं 2010 मध्ये अकरा देशांची बाजदारी सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली, 2021 पर्यंत ते देश चोवीस झाले. भारत त्यात नाही. पण नोकरीत पक्षी मालकाचा असतो. तुम्ही त्याला रात्र-रात्र जागून माणसाळवता, आणि एक दिवस तो दुसऱ्याच्या हातावर जातो. यासाठी मनाची तयारी लागते. सुट्टीही नाही. उन्हाळ्यात पक्षी पिसं गाळत वातानुकूलित खोलीत बसतो, तेव्हाही त्याचं खाणं-पाणी तुम्हालाच बघायचं. आपल्याकडं बैलाला पोळा असतो, बाजदाराला नसतो.

आणि एक काळी बाजू. लग्गड हा आपल्या माळरानावरचा साधा, तपकिरी ससाणा. पाकिस्तानात त्याच्या पायाला पिसांचा गठ्ठा आणि फास बांधून उडवतात. मोठ्या ससाण्याला वाटतं याच्याकडं भक्ष्य आहे, तो हिसकवायला येतो आणि अडकतो. त्या लग्गडाच्या पापण्यासुद्धा शिवलेल्या असतात. असे रानातून धरलेले ससाणे विकायचा हा व्यापार श्रीमंतांच्या हौसेवर चालतो. मी ज्यांच्याकडं होतो तिथं पिंजऱ्यात वाढवलेलेच पक्षी होते, पण ज्याला या वाटेनं जायचंय त्यानं पहिल्याच दिवशी विचारावं, हा पक्षी आला कुठून? उलट बाजूही सांगितली पाहिजे. डीडीटी या कीटकनाशकामुळं अमेरिकेतला बहिरी ससाणा संपत आला, तेव्हा टॉम केड या बाजदार शास्त्रज्ञानं 1970 मध्ये संस्था काढून त्याची पैदास केली. बाजदारांच्याच युक्त्या वापरून पिल्लं रानात सोडली आणि 1999 मध्ये तो पक्षी तिथल्या धोक्यातल्या यादीतून बाहेर निघाला.

दुसरा रस्ता खोक्याचा. संक्रांतीच्या आगेमागे नायलॉन मांजानं पंख कापलेला शिक्रा, विजेच्या तारेला चिकटलेली घार, विहिरीत पडलेलं घुबड. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, आत सुती कापड, अंधार करा, पाणी पाजू नका, आणि 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर फोन लावा. खोकं आपल्या घरी ठेवून घ्यायचं नाही, ते लवकरात लवकर वनविभागाच्या हाती द्यायचं. पुढं पशुवैद्यकाच्या आणि वनकर्मचाऱ्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम मिळू शकतं. तुटलेल्या पिसात बांबूची काडी घालून दुसरं पीस जोडायचं, दोरीवर उडवून पंखाची ताकद बघायची, ही कला बाजदारांचीच. फक्त उद्देश बरोबर उलटा.

तिथं पक्ष्यानं तुमच्यावर भरवसा ठेवायचा, इथं ठेवायचाच नाही. हे मी चुकून शिकलो. एका शाळकरी मुलानं वादळात पडलेलं शिक्र्याचं पिल्लू आणलं. वनविभागाला कळवून, त्यांच्या सांगण्यावरूनच ते काही आठवडे माझ्याकडं राहिलं. मी जुन्या सवयीनं त्याच्याशी बोलायचो, हातानं भरवायचो. मला बरं वाटायचं. महिन्याभरात ते माणूस दिसला की पंख थरथरवत ओरडायला लागलं. रानात सोडलं असतं तर कुणाच्याही अंगणात उतरलं असतं आणि दगड खाऊन मेलं असतं. ते आयुष्यभरासाठी वन्यजीव केंद्रात गेलं. त्याची शिकार मी हिरावली, हे मला आजही टोचतं. आता भरवताना चिमटा वापरतो, तोंडावर फडकं बांधतो, बोलत नाही. बरा झालेला शिक्रा सोडला की तो पहिल्या लिंबाच्या झाडावर बसतो, पिसं सारखी करतो आणि जातो. मागं वळून बघत नाही. तो वळून बघावा असं ज्याला वाटतं, त्यानं या कामात पडू नये.

तिसऱ्या रस्त्याबद्दल सांगायला गेलं की पोरांचा चेहरा पडतो, कारण त्यात हातात काहीच येत नाही. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला यापेक्षा सोपं आणि खरं दुसरं काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हरभऱ्यात घाटे अळीसाठी आपण टी आकाराचे पक्षीथांबे लावतो. त्यावर दिवसा कोतवाल बसतो, आणि तिन्हीसांजेला कापशी घार. पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. माझ्या वावरातली जोडी मी तिसरं वर्ष बघतोय. बाभळीवर घरटं. नर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो, पाय खाली लोंबते सोडतो, आणि पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्यानं खाली येतो. उंदीर धरला की बाभळीकडं जाताना बारीक शीळ घालतो आणि मादी वाटेतच येऊन हवेतल्या हवेत घेते. पहिल्या वर्षी मी बांधावर दिसलो की ती उठायची. आता मी मोटार चालू करायला जातो तेव्हा ती थांब्यावरून मान तेवढी वळवते. मी तिला कधी काही खाऊ घातलेलं नाही. अबू धाबीतल्या त्या रात्री मिळालं होतं त्यातलं थोडंसं मला इथं परत मिळालं, आणि तेही तिला न बांधता.

या रस्त्याला एकच किंमत द्यावी लागते. उंदरांसाठी ब्रोमाडायोलोनचं आमिष बंद. विषानं सुस्त झालेला उंदीर कापशीच्या आधी सापडतो आणि ते विष तिच्या पोटात जातं. मला पहिल्या हंगामात थोडं नुकसान सोसावं लागलं, पुढं सापळ्यांवर भागवलं.

हिवाळ्यात शिवाराबाहेर पडायचं असेल तर नाथसागराच्या काठाला जायकवाडीत दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यालगत डोलत उडताना दिसतो. माळरानावर मध्य आशियातून आलेले भोवत्ये टोळ वेचत फिरतात. देवगिरीच्या तटावर वाऱ्यात एका जागी थांबलेली खरूची, म्हणजे छोटा ससाणा, मी पाहिली आहे. दहा हजारांच्या आसपासची दुर्बीण आणि एक वही, एवढा खर्च.

मग कुणी काय करावं? ज्याला रोजगार हवाय, घर सोडायची तयारी आहे आणि पक्षी दुसऱ्याचा आहे हे सहन होईल, त्यानं आखाताचा विचार करावा, पण करारात पगार, व्हिसा आणि पक्ष्यांचा उगम नीट बघून. पशुवैद्यकीय शिकणाऱ्यांनी, आणि ज्यांचा हात रक्त बघून थरथरत नाही त्यांनी, खोक्याकडं वळावं. तिथं माणसं फार कमी आहेत. नुसतं "मला बाज आवडतो" एवढंच ज्याला ठाऊक आहे, त्यानं दुसरं काही ठरवायच्या आधी एक जोडी एक वर्ष बघावी, घरट्यापासून पिल्लं उडेपर्यंत. ज्याला वर्षभर एकाच बाभळीखाली बसवत नाही, त्याला अंधाऱ्या खोलीतली ती पहिली रात्रही बसवणार नाही. माझे उस्ताद नवीन पोराला हेच करायला लावायचे. पहिले काही आठवडे पक्ष्याला हात लावायचा नाही, समोर बसून बघायचं.

यंदा हरभरा पेरलात तर थांबे पिकाच्या वर दोन-तीन फूट राहतील असे लावा आणि एक तरी बांधावरच्या बाभळीच्या नजरेत ठेवा. पहिला आठवडा रिकामा जाईल. मग एखाद्या संध्याकाळी आडव्या काठीवर पांढरा डाग दिसेल. तेव्हा जवळ जाऊ नका. आहात तिथंच, तिच्याकडं पाठ करून, खाली बसा.