कर्ज भाच्याचं, फोन सगळ्या गोतावळ्याला

माझ्या नणंदेचा मुलगा बडोद्याला एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकतो, फत्तेगंजला खोली घेऊन राहतो. नवरात्राच्या आधी त्याला पैशांची चणचण आली. घरी मागायला संकोच वाटला, म्हणून टेलिग्रामवर आलेल्या एका लिंकवरून त्याने झटपट कर्जाचं ॲप फोनवर घेतलं. पाच हजार मंजूर झाले आणि खात्यात आले तीन हजार शंभर. बाकीचे ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून आधीच कापलेले. फेडायचे मात्र पुरते पाच हजार, तेही सात दिवसांत.

ही सावकारी झाली. त्याहून मोठी चोरी ॲप उघडतानाच झाली होती. कॉन्टॅक्ट, गॅलरी, मेसेज, लोकेशन या सगळ्या परवानग्या दिल्याशिवाय पुढचं पानच येत नव्हतं. मेसेज कशाला, तर बँकेचे एसएमएस वाचले की खात्यात कधी, किती येतं ते कळतं. गॅलरी कशाला, ते आम्हाला नंतर कळलं.

मुदत संपायच्या आधीच फोन सुरू झाले, आणि तेही त्याला नाही, आम्हाला. मी दांडिया बाजारात भाजी घेत होते. “मामीजी, आपने गारंटी दी है,” पलीकडचा माणूस म्हणाला. मी त्याची मामी हे याला कोणी सांगितलं? भाच्याच्या फोनमध्ये माझा नंबर ‘मामी दांडिया बाजार’ असा आहे! आपण सोयीसाठी नावं टाकतो, आणि कोणाला फोन केला की घर हादरेल हे त्या यादीतून आयतं समजतं. मग टिफिनवाल्या बेन, घरमालक काका, त्याचे प्राध्यापक, इतकंच काय, कधीकाळी गिझर दुरुस्त करून गेलेला माणूसही सुटला नाही. गॅलरीतला त्याचा चेहरा एका अश्लील फोटोवर चिकटवून ‘चोर’ असं लिहून नणंदेच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. त्या माउलीने अन्न सोडलं.

त्याने पाच हजार भरले, तर न मागता आणखी दोन हजार खात्यात येऊन पडले आणि नवा हप्ता सुरू. दर वेळी यूपीआय आयडी वेगळा, कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या नावाचा.

खरं तर इथेच संशय यायला जागा असते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२पासूनच्या नियमांनुसार कर्जाची रक्कम कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यातून थेट यावी लागते आणि हप्ताही थेट तिथेच जातो. खर्च, व्याज, संस्थेचं नाव हे सगळं आधी लेखी द्यावं लागतं. कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाइल्स यांना तर हातही लावायचा नाही. गूगलनेही ३१ मे २०२३पासून प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲप्सना फोटो आणि कॉन्टॅक्ट बंद केले. म्हणूनच असली ॲप्स आता बरेचदा लिंकवरून येतात.

माझी तक्रार मात्र आणखी वेगळी आहे. मी ते ॲप घेतलं नाही, कुठे ‘अलाऊ’ दाबलं नाही, तरी माझा नंबर, नातं आणि राहता भाग त्यांच्याकडे गेला. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अशा यादीचंच उदाहरण दिलंय: टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्टची यादी मागितली आणि माणसाने होकार दिला, तरी यादीपुरता तो होकार धरायचा नाही, कारण औषधोपचाराला यादी लागत नाही. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने दिलेत. दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे म्हणे. ज्या कंपनीला पत्ताच नाही, तिच्याकडून कोण वसूल करणार?

आम्ही पैसे भरणं थांबवलं. ॲप काढण्याआधी प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा त्या व्यवहारासाठीचा खास क्रमांक), यूपीआय आयडी आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवले. मग सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली. बेकायदा कर्ज देणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ पोर्टल आहे, तिथेही कळवलं. भाच्याने स्वतःच सगळ्या ओळखीच्यांना मेसेज टाकला की फोन आला तर घाबरू नका, पैसे देऊ नका, नंबर ब्लॉक करा. त्यानंतर त्या लोकांचा जोर ओसरला, कारण लाजेवरच त्यांचा धंदा चालतो. ॲप काढलं तरी यादी परत येत नाही, ती त्यांच्या सर्व्हरवर आहेच. मला अजून अधूनमधून अनोळखी नंबरवरून कर्जाच्या ऑफर येतात, तो यादी पुढे विकल्याचाच प्रताप असावा असं मला वाटतं.

तुम्हाला असा फोन आला तर वाद घालू नका. कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं पूर्ण नाव तेवढं विचारा. आम्ही विचारलं तेव्हा दर वेळी पलीकडून फोन ठेवला गेला.