डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप: सात महिन्यांच्या वापरानंतर

पंप कोणता घ्यायचा हे नंतर बघा, तो धुणार कोण हे आधी ठरवा. सात महिने रोज दोन-तीनदा वापर झाल्यावर सगळ्यात ठामपणे सांगण्यासारखं हेच आहे. दूध काढणं वीस मिनिटांचं. पण सुटे भाग खोलणं, धुणं, उकळणं धरलं तर चाळीस. तेही बाळंतिणीच्याच वाट्याला आलं तर पंपामुळे तिची झोप उलट कमी होते.

पहिले काही दिवस पंप कपाटातच राहू द्या. चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं घट्ट दूध, इतका थोडा असतो की बाटलीच्या कडांनाच लागून राहतो. तो हाताने वाटीत काढून चमच्याने पाजावा. बाळ नीट ओढायला लागलं की, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, पंप सुरू करावा. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर गोष्ट वेगळी: तिथे पहिल्या काही तासांतच सुरुवात करून चोवीस तासांत किमान आठ वेळा दूध काढावं लागतं.

खोक्यात बहुतेकदा 24 मिमीचा फ्लँज येतो, म्हणजे छातीला लावायचं नरसाळं. अनेकींना तो मोठा होतो. पाजण्याआधी स्तनाग्राचा बुंध्याशी व्यास पट्टीने मोजा आणि त्यात 2-3 मिमी मिळवा. भोवतीचा काळसर भाग खूप आत ओढला जात असेल तर फ्लँज मोठा; स्तनाग्र कडांना घासून पांढरं पडत असेल तर लहान. फ्लँजच्या आत बसवायचे सिलिकॉनचे 17, 19, 21 मिमीचे इन्सर्ट वेगळे मिळतात. दुखतंय तरी ओढ वाढवत नेणं ही नेहमीची चूक. दुखलं की पान्हा अडतो. आधी एक-दोन मिनिटं हलका, भरभर मोड. पान्हा फुटला की संथ, खोल मोड.

आता व्हॉल्व्ह. बदकाच्या चोचीसारखा छोटा सिलिकॉनचा तुकडा. नवा असताना त्याची चीर घट्ट मिटलेली असते, उजेडासमोर धरली तरी फट दिसत नाही. रोजच्या वापरात दोन-तीन महिन्यांत ओठ सैल पडतात आणि ओढ जाते. मोटरचा आवाज मात्र तसाच येतो, त्यामुळे संशय बाईच्या दुधावर. ‘आटलं वाटतं’ म्हणत घरात शतावरी आणि अळिवाचे लाडू सुरू होतात, आणि बिघडलेला असतो हा एवढासा तुकडा! त्यात बाटलीचा ब्रश घालू नका, चीर फाटते, बोटांनी धुवा. जादा जोडी घरात ठेवाच.

दर पाजण्यानंतर ‘रिकामं होईपर्यंत’ पंप लावला तर शरीर मागणी वाढली असं समजून आणखी दूध बनवतं. मग छाती दगडासारखी होते, गाठी येतात. लाल चट्टा आणि ताप आला तर जोरात चोळू नका, आतली सूज वाढते. थंड शेक द्या, बाळाला पाजत राहा, डॉक्टरांना दाखवा.

भाग सिंकमध्ये टाकू नका, वेगळं पातेलं ठेवा. आधी साध्या पाण्याने खंगाळून मग साबण. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर रोज एकदा 5 मिनिटं उकळा. नळीत बुरशीचे काळे ठिपके दिसले तर नळी फेकून द्या.

काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत 4 तास टिकतं. विदर्भातल्या मे महिन्यात हा हिशोब धरू नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. तिथे ते 4 दिवस चालतं. दारात नाही, आत मागच्या बाजूला. 60-90 मिलीच्या पिशव्या भरा, वाया कमी जातं.

पंपाचा खरा उपयोग रात्री. आई नऊ-दहाला पाजून झोपते, एकचं पाजणं बाबा किंवा आजी फ्रिजमधल्या दुधावर करतात आणि भागही तेच धुतात. आईला सलग पाच तास मिळतात. पहिल्या सहा आठवड्यांत एवढं अंतर ठेवू नका, छाती भरून येते.

नोकरीवर परतणाऱ्यांनी एचआरशी आधीच बोलावं. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज कामाच्या वेळात दोन जादा मधल्या सुट्या कायद्यात आहेत (आधी मातृत्व लाभ कायद्यात, आता सामाजिक सुरक्षा संहितेत). त्या बाळाला पाजण्यासाठी आहेत. त्याच वेळात पंप करायला खोली मिळेल का, हे स्पष्ट विचारून घ्या. बाथरूममध्ये दूध काढायला लावणं कुणीही मान्य करू नये.

काहींना पान्हा फुटताना अचानक मन खोल जातं आणि काही मिनिटांत ठीक होतं. ती हार्मोन्सची क्रिया आहे. आईची माया कमी पडत नाहीये. पण उदासी दिवसभर राहिली, दोन आठवड्यांपुढे गेली किंवा बाळ झोपलं तरी झोप येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

पंप पुढे कुणाला द्यायचा तर क्लोज्ड सिस्टिमचाच (ज्यात दूध मोटरपर्यंत पोचत नाही), आणि कंपनी चालतं म्हणत असेल तरच: फक्त मोटर द्या, नळ्या, व्हॉल्व्ह, फ्लँज तिने नवे घ्यावेत. ओपन सिस्टिमच्या मोटरमध्ये दूध शिरू शकतं आणि ती आतून साफ करता येत नाही.