37,800 रुपयांचा अंधार

दिवाळीत जळगावहून प्रोजेक्टर आणला. यंत्र 31,500, पडदा 3,800 आणि 'कॅलिब्रेशन'चे, म्हणजे रंग-उजेड जुळवून देण्याचे, 2,500. खोक्यावर ठळक 9,500 लुमेन, म्हणजे एकूण प्रकाशाचं माप. धुळ्याला घरी भरीत पार्टी ठेवली, शंभर इंची पडद्यावर मॅच लावली, आणि साडूंनी सगळ्यांदेखत ऐकवलं, "भो, आठे त काईच दखात नही!"

लाज याची, की मी आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या पोरांना प्रकाशाचा व्यस्त वर्गनियम शिकवतो: अंतर दुप्पट, तर उजेड चौथाई. दुकानाच्या अंधाऱ्या केबिनमध्ये दुकानदाराने दोन यंत्रं शेजारी दाखवली. त्याला खपवायचं होतं ते भिंतीला खेटून, चित्र चाळीस इंची. नामांकित कंपनीचं मागे सरकवून, शंभर इंची. "बघा सर, कोणतं चकाचक?" अरे, क्षेत्रफळ सव्वासहापट! तिथेच उठायला हवं होतं. पण चहा आला, 'सर, सर' झालं, सौ. म्हणाली, "बरं दिसतंय की." तुम्ही असता तर उठला असता? दोन्ही चित्रं एकाच मापाची करायला लावा, केबिनचा दिवाही लावायला सांगा.

कॅलिब्रेशन म्हणजे काय, तर दुकानातल्या पोराने मेनूत 'डायनॅमिक' मोड टाकला. चेहरे निळे पडले. पांढऱ्या रंगाचं तापमान 6500 केल्विनच्या आसपास हवं; आकडा वाढला की निळसर दिसतं. त्याच्या हातात साधं मीटरही नव्हतं. पाच मिनिटांचे अडीच हजार!

मग आयटीआयचं लक्समीटर आणलं, ते चौरस मीटरमागे किती लुमेन पडतात ते दाखवतं. पडद्यावर नऊ ठिकाणी मोजलं, सरासरी 58 लक्स. गुणिले 2.75 चौरस मीटर. जेमतेम 160 लुमेन. एएनएसआय लुमेन, म्हणजे प्रमाणित पद्धतीचे, असेच नऊ ठिकाणी मोजतात. खोक्यावर बारीक अक्षरात 'लाइट सोर्स' होतं, म्हणजे पडद्यावरचा नव्हे, लेन्सच्या आतल्या दिव्याचा प्रकाश. '1080p सपोर्ट'ही तसंच, म्हणजे तसा व्हिडिओ फक्त चालतो; यंत्र स्वतः किती ओळींचं चित्र काढतं, ते 'नेटिव्ह' विचारा. आमचं 480 निघालं.

इथल्या पोलीस ठाण्यात म्हणाले, खरेदी जळगावची, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, दिवाणी मामला आहे. एका कार्यालयात तीन खेपा घातल्या, साहेब एकदा मीटिंगला, एकदा रजेवर, आणि भेटले तेव्हा म्हणाले, "बिल कुठंय?" कच्च्या चिठ्ठीवर हसले वर. खोक्यावर छापलेला आकडा कोणी तपासायचा, मी? पगार त्यांना! जीएसटीचं पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे सोडू नका, बाबांनो.

वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर ग्राहक आयोगात फी नाही, आणि 2019 च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. हे मला एकाही साहेबाने सांगितलं नाही. आता धुळ्यातच टाकतोय. तोवर त्या पडद्यावर सौ. उडदाचे पापड वाळवते आहे.