इमिग्रेशन ट्रॅकिंग सर्व्हिस: अमेरिकेसाठी बेस्ट, जर्मनीसाठी अजून कच्ची

पुण्यातल्या आयटी कंपनीत ऑनसाइट जाणाऱ्यांचं सगळं मी बघते, त्यामुळे ही सर्व्हिस रोजच्या वापरातली आहे. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे लोक व्हिसा स्टॅम्पवर न थांबता आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत शिरताना मिळणाऱ्या एन्ट्री रेकॉर्डची, तारीख वेगळी ट्रॅक करतात. खूप जणांना वाटतं की स्टॅम्प २०२८ पर्यंत आहे म्हणजे टेन्शन नाही, पण पासपोर्ट आधी संपत असेल तर एअरपोर्टवर ऑफिसर बऱ्याचदा तेवढ्याच तारखेपर्यंतचं आय-९४ देतो आणि अमेरिकेत राहायची मुदत त्यावरच ठरते, स्टॅम्पवर नाही! दुसरं म्हणजे एच-१बी (अमेरिकेचा वर्क व्हिसा) वाला डॅलसहून ऑस्टिनला शिफ्ट होणार असेल तर मॅनेजरने लोकेशन बदलताच अलर्ट येतो, कारण नव्या शहरासाठी नवीन एलसीए (कामाची जागा आणि पगार सांगणारा, अमेरिकेच्या कामगार खात्याकडचा अर्ज) आणि एच-१बी अर्जातली दुरुस्ती म्हणजे अमेंडमेंट आधी फाइल करावी लागते, मग माणूस हलवायचा. हे एकच फीचर पैसे वसूल करतं.

जर्मनीचं मात्र निराशाजनक. डेप्युटेशनवाल्याला ईपीएफओचं, म्हणजे आपल्या पीएफ ऑफिसचं, सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज (पीएफ इथेच भरतोय याचा दाखला) लागतं, नाहीतर इथला पीएफ आणि तिकडचं पेन्शन दोन्ही कापलं जाऊ शकतं, आणि चेकलिस्टमध्ये त्याचा उल्लेखच नाही. बायकोमुलांच्या व्हिसाची फाइलही वेगळी उघडावी लागते, हे मला अजिबात पटत नाही, घर सोडून अख्खं कुटुंब जातंय ना. सपोर्टवाले नम्र आहेत पण उत्तर उशिरा देतात, मार्चमध्ये एच-१बी रजिस्ट्रेशनच्या वेळी तर फारच. पाचपैकी साडेतीन.