प्रत्येक खाटेला मॉनिटर की सुटी उपकरणं?

नागपुरात धंतोलीत किंवा रामदासपेठेत दहा-बारा खाटांचं नर्सिंग होम काढायचं म्हटलं की डीलर पहिल्याच कोटेशनमध्ये खाटागणिक एक मल्टिपॅरा मॉनिटर (ईसीजी, बीपी, ऑक्सिजन, तापमान एकाच स्क्रीनवर दाखवणारं मशीन) लावून मोकळा होतो. माझा सल्ला: गंभीर पेशंटच्या दोन-तीन खाटांना मॉनिटर, बाकी वॉर्डात सुटी उपकरणं, म्हणजे बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, थर्मामीटर वेगवेगळे.

मॉनिटरचे पैसे वसूल होतात ते अलार्ममुळे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सिस्टर समोर असली तरच कामाचा. मॉनिटर रात्री तीनलाही ओरडतो. पण रात्रपाळीला एकच सिस्टर आणि मॉनिटर दहा, असं असेल तर हळूहळू सगळे अलार्म म्यूट होतात. मग तो नुसता महागडा टीव्ही.

बीपीत मॉनिटरला फारसं झुकतं माप देऊ नका. डिजिटल मशीन असो की मॉनिटर, दोन्हीकडे पद्धत ऑसिलोमेट्रिक: कफमधल्या दाबाची थरथर टिपायची आणि वरचा-खालचा आकडा सूत्राने काढायचा. नाडी अनियमित असेल किंवा पेशंट शॉकमध्ये (बीपी धोकादायक खाली गेलेलं) असेल तर दोन्ही चुकू शकतात. अ‍ॅनेरॉइड (काट्याचं, हाताने हवा भरायचं बीपी मशीन) आणि स्टेथोस्कोप ठेवाच. शिवाय जाड दंडाला लहान कफ गुंडाळला तर बीपी उगाच जास्त दिसतं, म्हणून कफ तीन-चार मापांचे घ्या.

ईसीजी दोन्हीकडे आहे, पण काम वेगळं. मॉनिटर साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ एवढाच पट्टा दाखवतो, म्हणजे रेघ स्थिर राहते. निदानाचा ईसीजी ०.०५ ते १५० हर्ट्झचा. मॉनिटरच्या फिल्टरमुळे एसटी (हार्ट अटॅक ओळखायला बघतात तो रेघेचा भाग) वरखाली दिसू शकतो, त्यामुळे १२ लीडचं मशीन वेगळं लागतंच.

आता आपल्याकडचा मे महिना. पारा ४५ च्या पुढे गेला की उष्माघाताचे पेशंट येतात, आणि इथे मॉनिटर खरोखर सरस ठरतो. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर असतं, पण ओल्या कपड्यांनी पुसलेल्या, पंख्याखाली ठेवलेल्या पेशंटची कातडी गार लागते. काखेतला थर्मामीटर किंवा कपाळावरची इन्फ्रारेड गन तिथे फसवते. मॉनिटरला गुदद्वारातून लावायचा प्रोब (तापमान टिपणारी वायर) जोडला की आतलं तापमान सलग दिसतं, आणि थंड करणं कधी थांबवायचं तेही कळतं. बॉक्समध्ये बहुतेकदा फक्त त्वचेचा प्रोब येतो. गुदद्वाराचा वेगळा मागावा लागतो. मागा.

उन्हाळ्याचा दुसरा ताप म्हणजे घामाने सुटणारे ईसीजीचे इलेक्ट्रोड. उघड्या पाकिटातली जेल वाळते, मग रेघ थरथरते आणि दोष मशीनवर येतो. बॅटरीही उष्णतेने लवकर दम सोडते.

विदर्भात सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट बरेच. त्यांच्यात ऑक्सिमीटरचा आकडा आणि रक्ततपासणीतला ऑक्सिजन यांत तफावत पडू शकते, मशीन कोणतंही असो.

कोटेशन घेताना स्क्रीनच्या इंचांपेक्षा एसपीओटू प्रोबचा (बोटाला लावून ऑक्सिजन मोजणाऱ्या वायरचा) भाव विचारा, कारण वायर तुटून सगळ्यात आधी तोच जातो. दुसऱ्या कंपनीचा प्रोब त्या मशीनला चालतो का, आणि दुरुस्तीचा माणूस नागपुरातच बसतो की मुंबईहून येतो, हे लेखी घ्या.