बाल्डर्स गेट 3 : आठ महिने, दोन डाव आणि एक मेलेली एसएसडी

मे महिन्यात लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे सगळं साठवणारी डिस्क, गेली आणि बाल्डर्स गेट 3 या रोल-प्लेइंग कॉम्प्युटर गेमचा 140 तासांचा डाव तिच्याबरोबर गेला. डावाची प्रत इंटरनेटवर ठेवणारा क्लाउड सेव्ह मीच बंद ठेवला होता. घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालतं, दिवसाचा डेटा पुरवून पुरवून वापरावा लागतो. दीडशे जीबीचा हा गेम मावसभावाकडे लॅपटॉप दोन रात्री ठेवून त्याच्या फायबरवर उतरवला होता, आणि एप्रिलमध्ये गेमचा पॅच 8, म्हणजे नवा अपडेट, आला तेव्हा पुन्हा त्याच्याच दारात गेलो. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी आधी "गेम खेळता ना, म्हणून जळली" असं सांगून वॉरंटी नाकारली. तीन चकरा आणि दोन लेखी तक्रारींनंतर बदलून दिली. त्यांचं हे बोलणं मी विसरणार नाही. गेम खेळायलाच घेतलेला लॅपटॉप आहे तो.

गेम डिसेंबर 2024 च्या सेलमध्ये 2,399 रुपयांना घेतला. आजवर दोनशेच्या आसपास तास झाले, म्हणजे तासाला बारा रुपये. पैशांबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे सामानाची. लाँग रेस्टला, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला, 40 कॅम्प सप्लाय (शिधा) लागतात, म्हणून दिसेल तो बटाटा, दिसेल तो चीजचा तुकडा उचलायची सवय लागते. मग दोरखंड, रिकाम्या बाटल्या, चमचे, कुणाची तरी पत्रं. मी आणि तीन सोबती, चौघांच्या चार पिशव्या आणि सगळ्यांत तीच चिमुकली चित्रं. मूनराइज टॉवर्समध्ये ऐन लढाईत कार्लॅक या सोबतिणीची पाळी आली, तिला स्पीड पोशन द्यायचं होतं, आणि ते कुणाकडे आहे हे शोधण्यात माझी पाच मिनिटं गेली. गेल नावाच्या जादूगार सोबत्याच्या अंगात ताकद फक्त 8, त्याच्यावर जरा जास्त लादलं की पाय ओढत चालतो. शोधायची चौकट आहे, क्रम लावायची सोय आहे, तरी दोनशे तासांतले निदान वीस तास मी पिशव्या उपसण्यात घालवले असतील. आता प्रत्येकाला वेगळी पोतडी दिली आहे: ॲस्टॅरियनकडे बाण, गेलकडे स्क्रोल, शॅडोहार्टकडे बाटल्या. इतका सुंदर गेम करणाऱ्यांनी हे आमच्यावर सोडायला नको होतं.

घेण्याआधी मी वीसेक परीक्षणं वाचली होती. डिजिट मासिकाच्या डीव्हीडीवरचे डेमो खेळून वाढलेल्या पिढीतला मी, परीक्षण वाचल्याशिवाय पैसे सोडत नाही. पण यातल्या बहुतेकांत सामानाचा विषय एका ओळीत उरकलेला. त्याचं कारण आता कळतं. 3 ऑगस्ट 2023 ला गेम आला, परीक्षकांच्या हातात तो जेमतेम काही दिवस आधी पडला होता. एवढ्या वेळात हा गेम पुरा होत नाही. काहींनी प्रामाणिकपणे "परीक्षण चालू आहे" असं लिहून अपुरं मत दिलं, त्यांचा मला आदर आहे. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवरचे 96 गुण मला खोटे वाटत नाहीत. पण गेमच्या शेवटच्या भागात, ॲक्ट 3 मधल्या लोअर सिटीत माझा लॅपटॉप धापा टाकतो, आणि ॲक्ट 1 पाहून लिहिलेल्या मतात ते येणार कसं? त्याहून मोठी गोष्ट शेवटाची. सगळे सोबती पुन्हा एकत्र जमतात तो उपसंहार नोव्हेंबर 2023 च्या पॅच 5 मध्ये आला. म्हणजे ऑगस्टमधलं परीक्षण ज्या शेवटाबद्दल बोलतं, तो आज खेळणाऱ्याला मिळणारच नाही. रोल-प्लेइंग गेमचं परीक्षण सहा महिन्यांनी पुन्हा लिहायला हवं. गुण बदलू नका, पण परत येऊन बघा तरी.

फाशांबद्दल मात्र माझं मत पार बदललं. या गेममध्ये कुणाला पटवायचं असो की कुलूप उघडायचं, जमेल की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो; 1 म्हणजे सगळ्यात वाईट दान. पहिल्या डावात दान वाईट पडलं की मी जुना सेव्ह उघडायचो. एमराल्ड ग्रोव्हमध्ये तिथली पुढारी काघा एका चोरट्या पोरीवर, अरबेलावर, साप सोडायला निघते, तिथे मी पाच वेळा मागे गेलो आणि पोर वाचवली. फासे हा गेमचा दोष आहे असं तेव्हा मला मनापासून वाटायचं, मित्रांना तसं सांगितलंही. दुसऱ्या डावात ठरवलं, मागे जायचं नाही. सलग वाईट दानं पडू नयेत म्हणून सुरुवातीपासूनच चालू असलेला कार्मिक डाइसही बंद केला. काघासमोर फासा गरगरला आणि 1 पडला. फासा पुन्हा टाकू देणारं इन्स्पिरेशनही शिल्लक नव्हतं. साप डसला, पोर कोसळली. मी कीबोर्डवरून हात काढून घेतला आणि बराच वेळ तसाच बसलो. पहिल्या 140 तासांत असं एकदाही झालं नव्हतं. फासा नको म्हणणारा मीच चुकत होतो, हे तेव्हा कळलं.

परवा रात्री ॲक्ट 2 च्या काळोख्या मुलखात शिरलो. पहिल्या डावात अरबेला इथेच भेटली होती, सावल्यांशी एकटी झुंजत, आईबाबांना शोधून द्या म्हणत. वाट वाकडी करून त्या जागी गेलो. तिथे कुणी नव्हतं. शॅडोहार्टच्या हातातली मशाल तेवढी जळत होती.